एएमएच (अंड्यांच्या साठ्याचं हार्मोन) १.१ आलंय, प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन) कमी आलंय, आता गर्भनळ्यांची एचएसजी (औषध सोडून एक्सरे) सांगितलीय – कुणी केलीय का?

औश्याची लेक:

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या. मी औश्याची, वय ३१, लग्नाला ४ वर्षं झाली. पहिलं दीड वर्ष आम्हीच थांबलो होतो, नंतरची अडीच वर्षं मात्र नुसती वाट बघणं चालूय. पाळी येते पण ३३-३४ दिवसांनी येते. मिस्टर लातूरला दालमिलमधी आहेत, रोज जाऊन येऊन करतात.

यंदा येळवशीला, म्हणजे येळ अमावस्येला, सगळे शेतात जमलो होतो, कोपीपुढं पूजा झाली, मी आंबील वाढायला घेतली आणि चुलत सासूबाई सगळ्या बायांदेखत म्हणल्या की पुढच्या येळवशीला तरी तुझ्या मांडीवर काहीतरी दिसू दे बाई. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला बी कळतं, पण हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिले, वाढायचं सुचेना. त्याच आठवड्यात लातूरला एका दवाखान्यात गेलो.

तिथं तपासण्यांची यादी दिली. एका तपासणीपुढं २१ वा दिवस असं लिहिलेलं होतं म्हणून मी २१ व्या दिवशी गेले, तर लॅबवाला म्हणला सगळंच आज देऊन टाका, परत औश्याहून चक्कर कशाला. मला पण बरं वाटलं. सकाळची एसटी चुकलेली, दुसरी धरली, स्टँडपासून जवळजवळ पळतच गेले आणि पोचल्या पोचल्या रक्त दिलं. रिपोर्ट असा आलाय – एएमएच १.१, टीएसएच (थायरॉईडचं) २.८, एफएसएच (अंडं वाढवणारं हार्मोन) ३.९, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) ३८ आणि त्यापुढं ठळक अक्षरात जास्त असं लिहिलंय, प्रोजेस्टेरॉन ०.७. काउंटरवरचा मुलगा म्हणला मॅडम तुमचं अंडंच बनत नाही. शेजारच्या नर्सताई म्हणल्या एएमएच १ च्या आसपास म्हणजे अंडी संपत आली, आता डायरेक्ट टेस्ट ट्यूबचं बघा. डॉक्टरांनी एचएसजी करून आणा म्हणून चिठ्ठी दिली, ती लई दुखते म्हणतेत.

मिस्टरांची तपासणी अजून झालेली नाही. ते म्हणतेत आधी तुझं सगळं होऊ दे मग माझं बघू. घरी बी हेच मत आहे.

तीन रात्री झाल्या झोप नाही. खरंच अंडी संपलीत का? एचएसजीला किती दुखतं? खरं खरं सांगा.

लॅबवाला नांदेड:

ताई, मी डॉक्टर नाही, पण १४ वर्षं लॅबमधी काम करतो आणि तुमचा रिपोर्ट वाचून मला आमच्याच धंद्याचा राग आला. तुमच्यात दोष आहे असं ह्या कागदावरनं ठरत नाही. ह्यातले निम्मे आकडे चुकीच्या दिवशी घेतलेत.

प्रोजेस्टेरॉनचं बगा. २१ वा दिवस हे २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे. अंडं फुटल्यावर पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते, आणि त्या १४ च्या मधोमध प्रोजेस्टेरॉन सगळ्यात जास्त असतं, म्हणून पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी रक्त द्यायचं असतं. २८ वाल्या बाईचा तो दिवस २१ वा. तुमची पाळी ३४ दिवसांची, म्हणजे तुमचं अंडं २० व्या दिवसाच्या आसपास फुटणार आणि तुमचा खरा दिवस २७ वा. २१ व्या दिवशी तुमच्या शरीरात नुकतीच सुरुवात असणार, तेव्हा ०.७ येणारच. २७ व्या दिवशी परत द्या, ३ च्या वर आलं तर त्या महिन्यात अंडं फुटलं असं धरतात. अंडंच बनत नाही असं काउंटरवरनं सांगायचा त्या पोराला काहीएक अधिकार नव्हता.

एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यायचं असतं, सोबत एस्ट्राडायोल (अंडाशयातलं हार्मोन) पाहिजे, कारण एस्ट्राडायोल वाढलेलं असलं की ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि आकडा उगीच चांगला दिसतो. तुमचं २१ व्या दिवसाचं ३.९ चांगलं पण नाही वाईट पण नाही, ते धरूच नका.

आता प्रोलॅक्टिन. हे धावपळीनं वाढतं, टेन्शननं वाढतं, झोपेत वाढलेलं असतं म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, लॅबमधी आल्यावर अर्धा तास शांत बसून मग द्यायचं. तुम्ही स्टँडपासून पळत आलात. आणि एक सांगा, त्या दिवसांत ॲसिडिटीची गोळी चालू होती का? आपल्याकडं बऱ्याच गॅसच्या गोळ्यांत डोमपेरिडोन असतं, काहींत लेवोसल्पिराइड असतं, दोन्हीनं प्रोलॅक्टिन वाढतं. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून बगा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते पण सांगा, त्यानं काही मशीनवर हार्मोनचे आकडे चुकतात.

टीएसएच आणि एएमएच कुठल्याही दिवशी चालतं, ते दोन आकडे धरायला हरकत नाही. फक्त एएमएचचं युनिट बगा. नॅनोग्रॅममधी १.१ वेगळं आणि पिकोमोलमधी १.१ वेगळं, १ नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. मोठ्या लॅबचे रिपोर्ट वेगवेगळ्या युनिटमधी येतात आणि पेशंट उगीच जीवाला लावून घेतो.

औश्याची लेक:

दादा, पाकीट आत्ताच बघितलं. डोमपेरिडोन लिहिलंय. दीड महिना रोज सकाळी घेत होते, उपाशी राहिलं की जळजळतं म्हणून. कुणी विचारलंच नाही हो. युनिट नॅनोग्रॅमच आहे.

मृण्मयी संभाजीनगर:

एएमएचवर मी बोलते कारण ह्या एका आकड्यानं माझं एक वर्ष खाल्लंय.

माझं ३३ व्या वर्षी ०.९ आलेलं. एका सेंटरमधे रिपोर्ट बघितला न बघितला आणि दुसऱ्या बाईच्या अंड्याचं बोलायला सुरुवात केली, वर पॅकेजचा कागद पुढं सरकवला. मला तपासलं पण नव्हतं. आम्ही बाहेर येऊन गाडीत बसलो आणि गाडी चालूच केली नाही कितीतरी वेळ.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं ते तुला सांगते. ओव्हरीत म्हणजे अंडाशयात अंडं पोसणारे जे बारके बारके फुगे असतात, फॉलिकल, त्यांच्यातून एएमएच निघतं. म्हणजे साठा किती आहे त्याचा तो अंदाज आहे. अंड्याची प्रत त्यातून कळत नाही, प्रत बऱ्यापैकी वयावर असते. आणि महिन्याला लागतं एकच अंडं. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब करायचं झालं तर इंजेक्शनं देऊन किती अंडी निघतील ह्याचा अंदाज बांधायला एएमएच फार कामाचं आहे, पण घरच्या घरी दिवस राहतील का हे सांगायला नाही. अमेरिकेतला एक अभ्यास २०१७ साली जामा नावाच्या मोठ्या जर्नलमधे आला होता, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका ज्यांना आधी मूल न होण्याचा त्रास नव्हता, त्यांच्यात एएमएच कमी असलेल्यांना बाकीच्यांपेक्षा दिवस राहायला उशीर लागला असं काही दिसलं नाही. तुझं अडीच वर्षं झालंय त्यामुळे तुझी गोष्ट हुबेहूब तीच नाही हे मान्य, पण अंडी संपली हे वाक्य डोक्यातनं काढून टाक.

त्या आकड्याला जोड म्हणून पाळीच्या २ ते ५ दिवसांत आतून सोनोग्राफी करून घे आणि दोन्ही ओव्हरीतले फॉलिकल मोजून लिहून द्या म्हण. पोटावरच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन लघवी दाबून बसतो आपण, ह्या आतल्याला उलटं, लघवी करूनच आत जायचं. पाळी चालू असताना कसं करू म्हणून लाजू नकोस, त्यांच्यासाठी रोजचं आहे. माझे ४ आणि ४ निघाले. साठा कमीच आहे माझा, त्यात खोटं काही नाही, म्हणून वेळ घालवायचा नाही एवढं आम्ही ठरवलं. अजून बाळ नाहीये. पण त्या गाडीत बसून रडत होते ती मी आता नाही.

परळीची जाऊबाई:

एचएसजीचं मी सांगते, माझी दोन वर्षांखाली झाली.

पाळी पूर्ण थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी करतेत, साधारण ६ ते ११ व्या दिवसाच्या मधी. पाळी आली की त्या दिवसापासनं तपासणी होईपर्यंत नवरा-बायकोनं लांब राहायचं, कारण पोटात काही असलं तर एक्सरे नको. अंगावरनं घाण पाणी जातंय, वास येतोय, ओटीपोट दुखतंय असं असलं तर आधीच सांगायचं, इन्फेक्शन असताना करत नाहीत. आयोडीनची ॲलर्जी असली तर ते पण सांगायचं. मला एक तास आधी दुखायची गोळी घ्यायला सांगितली होती, तू पण डॉक्टरला विचार कोणती घेऊ.

एक्सरेच्या टेबलावर झोपवतेत, तपासायच्या वेळी पाय करतो तसे करायचे, गर्भपिशवीच्या तोंडातनं बारीक नळी घालून औषध सोडतेत. औषध सोडतानी पाळीच्या पहिल्या दिवशीसारखी कळ येते, पण जोरात, माझी दीड-दोन मिनिटं होती आणि मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. खोटं सांगणार नाही, डोळ्यात पाणी आलं. पण दोन मिनिटंच. टेबल इतकं गार होतं की आधी त्याचाच काटा आला अंगावर. समोर स्क्रीनवर पिशवी त्रिकोणी दिसते आणि दोन्ही बाजूला दोऱ्यासारख्या नळ्या भरत जातेत, टोकाला औषध धुरासारखं पसरलं की नळी मोकळी. माझी उजवी पसरली, डावी सुरुवातीलाच अडली. मला वाटलं झालं, एक गेली. तर मॅडमनी सांगितलं की पिशवीजवळच अडलं असंल तर कधी कधी ते नुसतं आवळलेलं असतं, दुखल्यामुळं, भीतीमुळं, खरा ब्लॉक नसतो. पुढं पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या वेळी निळं औषध सोडून बघितलं तर डावी पण मोकळी निघाली. म्हणून एचएसजीत बंद आली तर लगेच हातपाय गाळू नको. आणि मोकळी आली म्हणजे सगळं मिटलं असं पण नाही, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढायचा आजार) एचएसजीत दिसत नाही, माझ्यात तेच निघालं.

परत येताना पॅड लागतंय, चिकट औषध आणि जरासं रक्त जातं दिवसभर. सोबत कुणीतरी असू दे. नंतर ताप आला, लई दुखायलं किंवा जास्त रक्त गेलं तर घरी बसू नको, लगेच दवाखाना.

अजून एक, दुर्बीण सगळ्यांनाच लागत नाही. कुणी आधीच दुर्बिणीचं बोललं तर काऊन म्हणून विचारायचं.

उदगीरकर:

पुरुष आहे, ह्या धाग्यात लिहू का नको असं दोनदा झालं. पण ती एक ओळ वाचली, आधी तुझं सगळं होऊ दे मग माझं बघू, आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या बायकोला बोललो होतो.

दोन वर्षं. दोन वर्षं तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, तिची एचएसजी, दर महिन्याला नववा-अकरावा-तेरावा दिवस फोलिक्युलर स्टडीला (अंड्याची वाढ बघायच्या सोनोग्राफीला) उदगीरहून बस धरून जायची. अंड्याच्या गोळ्यांनी तिचं वजन वाढलं, चिडचिड वाढली. घरात आईनं तिला कुणाच्या ओटीभरणाला पाठवायचं बंद केलं होतं आणि मला ते दिसत होतं. मग एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं की साहेबांचा रिपोर्ट आल्याशिवाय मी बाईंना हात लावणार नाही. माझी शुक्राणूंची संख्या आली एका मिलीला ६ मिलियन. नॉर्मलची खालची हद्द १६ आहे. त्या संध्याकाळी ती मला एक शब्द बोलली नाही, वरण गरम करून ताट वाढलं आणि बाजूला बसून राहिली. मला ते ताट आजही आठवतं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्यांमधे पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. आणि आमची तपासणी काय आहे? २ ते ७ दिवस लांब राहायचं आणि डबीत नमुना द्यायचा. सुई नाही, एक्सरे नाही, कळ नाही. तुमच्या मिस्टरांना लॅबमधे देणं जड जात असेल तर काही ठिकाणी घरून आणलेला घेतात, फक्त तासाच्या आत पोचला पाहिजे आणि डबी अंगाजवळ खिशात ठेवायची, गार पडू द्यायची नाही. एकदा वाईट आलं म्हणजे संपलं असं पण नाही. वीर्य तयार व्हायला अडीच महिने लागतात, मधे ताप येऊन गेला तरी आकडा पडतो, म्हणून परत करतात. गुटखा, तंबाखू, दारू असेल तर आजच सोडायला सांगा.

एचएसजीची तारीख घेण्याआधी त्यांचा रिपोर्ट हातात पाहिजे. हे वाटल्यास त्यांना वाचायला द्या, एका पुरुषानं लिहिलंय म्हणून सांगा.

केजची आशाताई:

मी गावात आशा म्हणून काम करते, वरच्या सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, त्यात थोडी भर.

आमच्याकडच्या पोरी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातेत, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली असते म्हणून आजारी पडलं तरी सुट्टी नाही. पाचटात राहणं, पाणी नाही, संडास नाही. अंगावरनं पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, सहा महिने तसंच काढतेत. ते इन्फेक्शन वेळेवर बरं झालं नाही तर वर चढून नळ्यांना चिकटतं आणि नळ्या बंद पडतेत. मग मूल नाही म्हणून आलेल्या बाईला कुणीतरी पिशवीला सूज आहे, काढून टाका म्हणतंय. बीड जिल्ह्यात ह्या पिशव्या काढण्यावर २०१९ ला सरकारनं नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, इतकं ते वाढलं होतं. म्हणून सांगते, नुसतं सूज आहे ह्या शब्दावर कुणी काही काढायला तयार होऊ नका. नेमकी कशाची सूज, कोणती तपासणी केली, कागद मागा.

दुसरं, टीबी. फुप्फुसाचाच असतो असं नाही, पिशवीचा आणि नळ्यांचा पण असतो, खोकला ताप काही नसतो, फक्त पाळी कमी कमी होत जाते आणि दिवस राहत नाहीत. नळ्या दोन्ही बंद आल्या किंवा अंगावरनं अगदीच कमी जायला लागलं तर पिशवीच्या आतलं अस्तर काढून तपासतेत. नुसत्या एका पीसीआर (टीबीच्या जंतूचा अंश शोधायची तपासणी) पॉझिटिव्हवर मात्र लगेच गोळ्या सुरू करू नयेत असं आमच्या मोठ्या मॅडम सांगतेत, कारण ती तपासणी कधी कधी उगीच पॉझिटिव्ह येते, बाकीच्या गोष्टींशी जुळवून बघावं लागतं. आणि खरंच टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, विकत घेऊ नका.

पैशाची अडचण असली तर लातूरचं मेडिकल कॉलेज आहे, आमच्या लोकांना अंबाजोगाईचं स्वाराती मेडिकल कॉलेज जवळ पडतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर गोल करून तोच कॅलेंडरचा कागद सोबत न्या, तोंडी सांगितलेली तारीख चुकते.

लॅबवाला नांदेड:

आशाताईंचं कॅलेंडरचं १०० टक्के बरोबर. पहिला दिवस म्हणजे नीट लाल रक्त सुरू झालं तो दिवस, डाग दिसला तो नाही. दुसरा-तिसरा दिवस रविवारी येत असला तर लॅब चालू आहे का शनिवारीच फोन करून विचारा.

औश्याची लेक:

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. उदगीरकर दादांचं लिहिलेलं मिस्टरांना वाचायला दिलं. वाचून फोन परत दिला आणि उठून बाहेर गेले, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ६ च्या एसटीला माझ्यासोबत स्वतःहून निघाले. संख्या ४२ मिलियन आहे, पण पुढं सरकणारे २४ टक्केच, ३० च्या वर पाहिजेत म्हणले. तीन महिन्यांनी परत करायचंय. गुटख्याची पुडी बंद केलीय, डबीत बडीशेप ठेवतात.

माझं सगळं तारीख धरून परत केलं. डॉक्टरांना विचारून ॲसिडिटीची गोळी बदलली, लॅबमधी अर्धा तास बसून मग रक्त दिलं, प्रोलॅक्टिन १७. तिसऱ्या दिवशीचं एफएसएच ७.२, एस्ट्राडायोल पण ठीक म्हणले. सोनोग्राफीत एका बाजूला ४ एका बाजूला ५. प्रोजेस्टेरॉन २७ व्या दिवशी दिलं, ११.४. लॅब दादा, अंडं फुटतंय हो माझं. रिपोर्ट हातात घेऊन त्या काउंटरपुढंच उभी राहून रडले.

आता एचएसजी परवा आहे, नववा दिवस येतोय. मिस्टर मिलमधनं सुट्टी काढून येणार आहेत. आणि चुलत सासूबाईंना कुठनं कळलं माहीत नाही, त्या पण सोबत येते म्हणल्यात, पोरीला एकटीला कशाला पाठवायचं म्हणून. परळीच्या ताई, आत कुणाला येऊ देतेत का?

परळीची जाऊबाई:

एक्सरेच्या खोलीत नाही येऊ देत. दारापर्यंत येऊ दे त्यांना, बाहेर आल्यावर चक्कर येते जराशी, धरायला माणूस पाहिजे. जाड पॅड आणि गडद रंगाचा परकर ने. सकाळी काहीतरी खाऊन जा.